ग्रेडच्या शर्यतीत उतरण्याआधी

आज जगभरची नाणी ज्या ७० गुणांच्या पट्टीवर तपासली जातात, ती पट्टी विल्यम शेल्डन या अमेरिकन माणसाने १९४९ मध्ये मांडली. तो मानसशास्त्रज्ञ होता, पण त्याचा जीव होता अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळातल्या तांब्याच्या मोठ्या सेंटवर. ‘अर्ली अमेरिकन सेंट्स’ या पुस्तकात त्याने नुसती पट्टी दिली नाही. प्रत्येक प्रकारच्या सेंटची माहीत असलेली सर्वांत उत्तम नाणी कोणत्या दर्जाची आहेत, हेही नोंदवलं. आपलं नाणं त्या रांगेत कितवं बसतं, हे मोजायच्या सवयीला तिथे बळ मिळालं. आणि याच शेल्डनने न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट उचलून त्यांच्या जागी त्याच प्रकारची हलकी नाणी ठेवली होती, हे तो १९७७ मध्ये वारल्यावर उघड झालं. जॉर्ज क्लॅप यांनी सोसायटीला दिलेल्या सेंटची जुनी छायाचित्रं होती. त्यांच्याशी संग्रहातली नाणी जुळेनात. तोवर शेल्डनचा संग्रह एका मोठ्या संग्राहकाने विकत घेऊन बरीच वर्षं झाली होती. प्रकरण कोर्टात गेलं आणि सरळपणे पैसे मोजून घेतलेली नाणी त्याला सोडावी लागली.

ही हकिगत मी मुद्दाम आधी सांगितली. शेल्डनचा अभ्यास कमी नव्हता, नाण्यांवरचं प्रेमही कमी नव्हतं. तरी सर्वोत्तम नाण्यांची ओढ त्याला चोरीपर्यंत घेऊन गेली. आणि भुर्दंड बसला तो पुढच्या माणसाला, कारण विकणाऱ्याला जे ठाऊक होतं ते घेणाऱ्याला ठाऊक नव्हतं. ग्रेड केलेल्या नाण्यांच्या व्यवहारातले लहानमोठे गैरप्रकार उलगडत गेलं की बहुतेकांच्या मुळाशी हेच सापडतं. म्हणून मला सांगायचं आहे ते एवढंच: नाणं आपल्या हातून जाताना त्याच्याबद्दल आपल्याला माहीत असलेलं सगळं त्याच्याबरोबर गेलं पाहिजे. म्हणायला सोपं आहे. अडतं कुठे, ते पाहू.

नव्याने या छंदात आलेल्यांसाठी थोडी ओळख. अमेरिकेत १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्या सुरू झाल्या. नाणं पाठवायचं, तिथले तज्ज्ञ ते पाहतात, अस्सल असेल तर एक ते सत्तरमधला आकडा ठरतो आणि नाणं प्लास्टिकच्या सीलबंद डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये परत येतं. ६० आणि त्यापुढचे आकडे चलनात न झिजलेल्या नाण्यांचे. त्यांतल्या चलनासाठी पाडलेल्या नाण्यांच्या आकड्याआधी एमएस ही अक्षरं असतात. नाणं घासलेलं, धुतलेलं, खरवडलेलं असेल तर आकडा मिळत नाही, लेबलवर ‘डिटेल्स’ असा शेरा येतो. या कंपन्या रजिस्ट्रीही चालवतात. तिथे आपल्या संचातली नाणी नोंदवायची, त्यांच्या गुणांवरून संचाला क्रमांक मिळतो. चढाओढ सुरू होते ती इथे.

या चढाओढीत पहिली गोष्ट मनाशी पक्की करा. आकडा हे मत आहे. जाणत्या माणसांनी, भरपूर नाणी पाहून तयार झालेल्या नजरेने दिलेलं, पण मतच. ६४ आणि ६६ मधला फरक शिकलेल्या डोळ्याला दिसतो. ६५ आणि ६६ च्या सीमेवरचं नाणं मात्र आज इकडे, सहा महिन्यांनी तिकडे जाऊ शकतं. म्हणून तर २००७ मध्ये जॉन अल्बानीज यांनी सीएसी ही संस्था काढली. ग्रेड झालेली नाणी पुन्हा पाहायची आणि आपल्या ग्रेडमध्ये भक्कम बसणाऱ्या नाण्यांच्या स्लॅबवर हिरवं स्टिकर लावायचं, असं तिचं काम. हे अल्बानीज स्वतः पीसीजीएस आणि एनजीसी या दोन्ही कंपन्यांच्या उभारणीत होते. ज्यांनी ग्रेडिंगची ही पद्धत घडवली त्यांनाच मतावर दुसरं मत देण्याची गरज वाटली, तर आपण लेबलापुढे डोळे मिटायचं कारण नाही.

आकड्यामागे धावताना पैसे कुठे जातात, याचं एक उदाहरण देतो. अमेरिकेच्या टांकसाळीने १९६३ मध्ये प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेले, सेंट तीस लाखांहून जास्त काढले. साधा प्रूफ सेंट आजही किरकोळ किमतीत मिळतो. त्यातला एक ७० ग्रेडचा म्हणून २००३ मध्ये लिलावात ३९,१०० डॉलरला गेला. त्या किमतीत नाण्याच्या दुर्मीळपणाचा वाटा जवळपास नव्हताच. पैसे मोजले गेले ते लेबलवरच्या आकड्यासाठी. तांब्याच्या नाण्यावर तर कालांतराने बारीक ठिपका उमटू शकतो, आणि मग तो आकडाही त्याला शोभत नाही. म्हणून स्वतःला एक शिस्त लावा: स्लॅब हातात आला की लेबल अंगठ्याने झाका, नाणं एकाच दिव्याखाली तिरकं फिरवून पाहा, गालावरचे ओरखडे, मोकळ्या जागेतल्या खुणा, टांकसाळी झळाळी तुटली आहे का ते बघा, आपला आकडा कागदावर लिहा आणि मग अंगठा काढा. दर प्रदर्शनात, दर लिलावाच्या आधी नाणी पाहायला ठेवतात तेव्हा हे करत राहिलात तर तुमची स्वतःची नजर तयार होईल. नजर नसलेला माणूस स्पर्धेत उतरतो तेव्हा तो दुसऱ्यांच्या मतांची खरेदी करत असतो.

आता स्लॅब फोडण्याचा विषय. ६५ चं नाणं ६६ होईल असं वाटतं, म्हणून लोक डबी फोडून नाणं पुन्हा पाठवतात, कधी तीनतीनदा, चारचारदा. यात गैर काही नाही. नाणं तुमचं, मत पुन्हा मागायचा हक्क तुमचा. पण कंपन्या कोणत्या ग्रेडची किती नाणी पाहिली याची गणना प्रसिद्ध करतात, तिला पॉप्युलेशन रिपोर्ट म्हणतात, आणि खरेदीदार तिच्यावर विसंबून किंमत ठरवतात. एकच नाणं चारदा गेलं आणि जुनी लेबलं कचऱ्यात पडली, तर त्या गणनेत चार नाणी दिसतात. म्हणून फोडलेल्या डबीचं लेबल कंपनीला परत पाठवा आणि जुनी नोंद काढायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे, त्याचे पैसे मिळत नाहीत, आणि तरी ते करणारे संग्राहक फार थोडे. माझ्या मते प्रामाणिकपणाची ही सगळ्यात सोपी कसोटी आहे.

‘डिटेल्स’ शेऱ्याचं नाणं डबीतून फोडून कच्चं, म्हणजे ग्रेड न झालेलं, म्हणून विकणं मात्र सरळसरळ फसवणूक आहे. तज्ज्ञांनी धुतलेलं म्हणून सांगितलं, हे तुम्हाला ठाऊक झालं. ते न सांगता विकलंत तर गप्प राहून खोटं बोललात. “तो काही विचारत नव्हता, मग मी कशाला सांगू?” असं बाजारात सर्रास ऐकू येतं. त्याने विचारलं नाही, कारण काय विचारायचं हे त्याला माहीत नव्हतं. तुम्हाला होतं.

धुण्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे नाणी बिघडतात ती बहुतेक वेळा घरात, आणि भाबडेपणाने. देव्हाऱ्यातल्या उपकरण्यांबरोबर आजीचे रुपये चिंचेने नाहीतर पितांबरीने लख्ख होतात. चमक येते, पण नाण्याचं वरचं कातडं जातं आणि ते कशानेही परत येत नाही. ज्याने घासलं त्याला दोष देऊ नका. फक्त विकताना ‘साफ केलेलं’ असं लिहा. जाणूनबुजून करणारे वेगळे. चांदीच्या नाण्यावर गंधकाने किंवा उष्णता देऊन निळे-जांभळे रंग चढवायचे आणि ती जुनी, नैसर्गिक रंगछटा म्हणून विकायची. सोन्याच्या नाण्यावरचे ओरखडे पुटीसारखा लेप देऊन बुजवायचे. ग्रेड मिळेपर्यंत तो दिसत नाही, पुढे काही काळाने धुरकट होऊन वर येतो. अमेरिकेत अशा लोकांना नाण्यांचे डॉक्टर म्हणतात, आणि पीसीजीएसच्या मालक कंपनीने २०१० मध्ये अशा काही जणांवर खटलाही भरला होता. ग्रेडच्या उड्यांना जितकी किंमत, तितकं या धंद्याला खाद्य. गंमत अशी की रजिस्ट्रीत सगळ्यांत झिजलेल्या नाण्यांच्या संचांचीही स्पर्धा असते, तिथे एक हा ग्रेड सर्वोच्च. साठ-सत्तर वर्षं लोकांच्या खिशातून फिरून गुळगुळीत झालेलं नाणं मला फार सुंदर वाटतं. पण तिथेही नाणं मुद्दाम झिजवायचा मोह होऊ शकतो. तेव्हा दोष उच्च आकड्याचा नाही, क्रमांकाच्या हव्यासाचा आहे.

खोट्या स्लॅबची काळजी सगळ्यांनीच घ्यायला हवी. नाणं खोटं, डबी खोटी, पण लेबलवरचा क्रमांक एखाद्या खऱ्या नाण्याचा चोरलेला, असा माल फिरत असतो. त्यामुळे क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर सापडला एवढ्यावर समाधान मानू नका. तिथे छायाचित्र असेल तर नाण्यावरच्या बारीक खुणा एकेक करून जुळवा. प्रत्येक नाण्याचे ओरखडे त्याचे स्वतःचे असतात. डबीची कड उचकटल्यासारखी, पांढुरकी दिसत असेल तर थांबा. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने नकली नाण्यावर ‘कॉपी’ असा ठसा सक्तीचा आहे आणि २०१४ च्या दुरुस्तीने ग्रेडिंग कंपन्यांच्या चिन्हांची नक्कल करणाऱ्यांनाही त्या कायद्याच्या कक्षेत आणलं. तुमच्या हाती असा खोटा स्लॅब आलाच, तर नुकसान सोसा, पण तो पुढे खपवू नका. विकणाऱ्याकडे परत करा, कंपनीला कळवा, आपल्या नाणेसंग्राहक मंडळातल्या लोकांना दाखवा.

आपल्याकडच्या नाण्यांत ठाऊक असूनही न सांगण्याच्या जागा आणखी आहेत. ब्रिटिश काळातल्या प्रूफ नाण्यांच्या प्रतिकृती जुन्या ठशांवरून कोलकाता आणि मुंबईच्या टांकसाळींत पुढे कितीतरी वर्षं पाडल्या जात होत्या. या पुनर्मुद्रित नाण्यांना रीस्ट्राइक म्हणतात. ती टांकसाळीचीच असल्याने खोटी नव्हेत आणि त्यांचीही संग्राहकांत कदर आहे. पण मूळ प्रूफ म्हणून ती विकणं म्हणजे लबाडी. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया दुर्मीळ. त्यामुळे १९३८ च्या रुपयावरचा आठ कोरून नऊ केलेली नाणी बाजारात येतात. रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅमच भरतं, चांदीही खरीच असते, म्हणून काट्याने हे कळत नाही; त्या अंकाच्या भोवतीची जागा भिंगाखाली पाहावी लागते. १९११ चा पंचम जॉर्जचा ‘डुक्कर रुपया’ सगळ्यांना माहीत आहे. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, नाणी परत घेतली गेली आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरला गेला. अशा नाण्याला वरचा ग्रेड मिळाला तर किंमत कुठल्या कुठे जाते, आणि नेमक्या याच ठिकाणी बरेच जण कायद्याच्या बाजूने अडचणीत येऊ शकतात.

पुराणवस्तू आणि कलाकृतींविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं पुराणवस्तू ठरतं, आणि अशी वस्तू देशाबाहेर पाठवायची मुभा खासगी माणसाला नाही. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणजे व्हिक्टोरियाचे, सातव्या एडवर्डचे रुपये ग्रेडसाठी अमेरिकेला धाडणं गुन्हा आहे. डुक्कर रुपया २०११ पासून याच व्याख्येत बसतो. न्यू जर्सीचा भाचा दिवाळीत आला आहे, त्याच्या सामानातून पाठवून देऊ, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका; पकडला जाईल तो भाचा. पोस्टाने पाठवताना ‘स्मृतिचिन्ह, किंमत शंभर रुपये’ असं लिहिणंही तसलंच. शंभर वर्षांच्या आतल्या नाण्याबद्दल शंका येईल अशी स्थिती असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते पुराणवस्तू नसल्याचं प्रमाणपत्र घेता येतं. परदेशात आधीपासून असलेलं, तिथेच ग्रेड झालेलं जुनं नाणं रीतसर आयात करून घेतलं असेल तर कस्टमची कागदपत्रं स्लॅबबरोबर जपा. विकताना ती दाखवता आली पाहिजेत. आणि कुणी विहिरीच्या खोदकामात सापडलेली नाणी स्वस्तात देऊ लागला तर १८७८ चा निखात निधीचा कायदा आठवा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं असं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तसल्या नाण्यांचा ग्रेड कितीही वरचा येवो, ती आपल्या संचात नकोत.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती घरातून होणाऱ्या खरेदीची. मंडळातला एखादा जुना सदस्य वारतो. मागे राहिलेल्या वहिनींना अल्बममध्ये काय आहे याची कल्पना नसते, त्यांना फक्त एवढं माहीत असतं की “ह्यांचे मित्र येतात, ते बघतील.” आपण तिथे जातो तेव्हा आपण मित्र असतो आणि गिऱ्हाईकही. हे दोन्ही एकदम होता येत नाही. अशा वेळी आधी यादी करून द्या, कोणत्या नाण्याची साधारण किंमत काय, कुठलं ग्रेड करण्याजोगं, ते लिहा आणि यादी त्यांच्या मुलांच्या हाती द्या. एखादं नाणं तुम्हाला हवंच असेल तर तसं उघड सांगा आणि दुसऱ्या जाणत्या माणसाकडून किंमत ठरवून घ्या. तुमच्या संचाचा एक क्रमांक घसरला तरी चालेल.

लिलावातली मैत्रीही तपासून घ्या. “तू लॉट ४० वर बोली लावू नकोस, मी ५२ सोडतो,” हे आपसांत सौजन्य वाटतं. पण त्या लॉटचा मालक कुणीतरी असतो, आणि त्याचे पैसे तुम्ही दोघांनी वाटून घेतलेले असतात. आपलंच नाणं लिलावात देऊन मित्राकरवी बोली चढवणं त्याहून वाईट. त्यातून तयार झालेली किंमत पुढे वर्षानुवर्षं दाखले म्हणून वापरली जाते.

स्पर्धा सोडा, असं मी म्हणणार नाही. लुई एलियासबर्ग यांनी १९५० मध्ये अमेरिकन नाण्यांचा, तारखा आणि टांकसाळींसकट, त्या काळी माहीत असलेला संपूर्ण संच पुरा केला आणि तो लोकांना पाहायला ठेवला. ती जिद्द चढाओढीतूनच येते. रजिस्ट्रीत उतरायचं तर विकलेलं नाणं लगेच यादीतून काढा. डीलरकडून पाहायला आणलेलं नाणं आपल्या नावावर चढवू नका. छायाचित्रं खरी टाका, रंग उजळून नकोत. तुमच्याहून वरच्या संचाच्या मालकाला पत्र लिहा. त्याला ते नाणं कसं मिळालं ते विचारा आणि तुमच्याकडे त्याच्या उपयोगाचं जादाचं नाणं असेल तर सांगा. आणि पैशाच्या जोरावर वर जाता येत नसेल तर असा संच निवडा जिथे अभ्यास चालतो: मुंबई टांकसाळीच्या ठिपक्यांचे आणि ठशांचे प्रकार, एकाच वर्षाच्या रुपयातले बारीक फरक. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. ग्रेडचे आकडे पाठ करण्यापेक्षा तिथली पुस्तकं चाळणं कधीही अधिक फायद्याचं.

शेवटी एक काम आजच करा. आपल्या प्रत्येक ग्रेड केलेल्या नाण्यासाठी पोस्टकार्डाएवढा एक जाड कागद कापून घ्या. त्यावर नाणं कुणाकडून, कधी, कितीला घेतलं ते लिहा. आधी कुठल्या स्लॅबमध्ये होतं, किती वेळा पाठवलं, काय ग्रेड आले, तेही. तुम्हाला खटकणारी गोष्ट असेल, डाव्या कडेला धुतल्यासारखं वाटतं, रंगाबद्दल खात्री नाही, रीस्ट्राइक असावा, तर ती आवर्जून लिहा. पावतीची प्रत मागे टाचा. स्लॅबच्या पेटीत तो कागद ठेवा आणि घरातल्या एकाला तरी पेटी कुठे आहे ते दाखवून ठेवा. विकायची वेळ आली की नाण्याबरोबर तो कागदही द्या, घेणाऱ्याने मागितला नाही तरी.